कावेरीबाईंचा जुळारी

कादर अत्तार यांनी अठ्ठावीस वर्षांत लेखकाचा एक काना इकडचा तिकडे केला नव्हता. ही गोष्ट ते स्वतः कधी कुणाला सांगत नसत. नारायण पेठेतल्या छापखान्याचे मालक दिगंबरपंत सांगत, आणि तेही कौतुकानं नव्हे, तर बाकीच्या जुळाऱ्यांना टोचायला. "कादरभाईंकडे बघा. लेखकानं गाढव लिहिलं तर गाढव. तुमच्यासारखं घोडा नाही करत." बाकीचे जुळारी म्हणजे बजरंग आणि आणखी दोघं. ते माना खाली घालून खिळे उचलत राहायचे.

आता ज्यांनी शिशाचे खिळे पाहिले नाहीत त्यांना हे सांगायला हवं. जुळारी म्हणजे लाकडी खणांतून एकेक अक्षराचा खिळा उचलून ओळ जुळवणारा माणूस. अक्षर उलटं, ओळ उलटी, आणि हे सगळं दिवसभर उभ्यानं. पुस्तक छापून झालं की तेच खिळे पुन्हा आपापल्या खणांत टाकायचे आणि पुढच्या पुस्तकाला लागायचं. या धंद्यात पोटऱ्यांच्या शिरा फुगतात आणि चष्म्याचा नंबर वाढतो. दुसरं काही वाढल्याचं ऐकिवात नाही.

कादर या धंद्यात आले ते वडिलांच्या, म्हणजे दादामियाँच्या, मागोमाग. दादामियाँ कसबा पेठेतल्या एका छापखान्यात जुळारी होते. सोळाव्या वर्षी कादरच्या हाती पहिली लग्नपत्रिका आली. निमंत्रक म्हणून नवऱ्या मुलाच्या आजोबांचं नाव होतं. ते आजोबा वारल्याचं कादरनी मंडईत ऐकलं होतं, म्हणून मोठ्या शहाणपणानं त्यांनी नावापुढं 'कै.' जुळवलं. पत्रिका छापल्या, वाटल्या, आणि तिसऱ्या दिवशी आजोबा स्वतः काठी टेकत छापखान्यात आले. वारला होता तो त्यांचा चुलतभाऊ. दादामियाँनी पोराला सगळ्यांदेखत कानाखाली दिली आणि म्हणाले, "तुझं काम समोर दिसतंय ते उचलायचं. समजायला लागलास की घोटाळा होतो." कादरना ते जन्मभर पुरलं.

दिगंबरपंत लायब्ररीवाल्यांसाठी कादंबऱ्या काढायचे. दर दोन महिन्यांनी एक, बरोबर एकशे अठ्ठावीस पानांची. त्रेसष्ट साली श्यामला पोंक्षे नावाच्या बाई एक वही घेऊन छापखान्यात आल्या. सव्वीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लोकांचे ट्रंक कॉल जोडून देऊन त्या नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या. मूलबाळ नव्हतं, नवरा कधीच गेला होता. दिगंबरपंतांनी वही चाळली आणि विचारलं, "हेरकथा आहे, मग नायिका बासष्ट वर्षांची कशी?" बाई म्हणाल्या, "कारण बासष्ट वर्षांच्या बाईकडे कुणी बघत नाही. तुम्ही तरी आत्ता वहीकडेच बघताय." दिगंबरपंतांनी वही ठेवून घेतली.

तीच ही कावेरीबाई राजोपाध्ये. नऊवारी पातळ, हातात कापडी पिशवी, पिशवीत मेतकुटाचा डबा आणि मेतकुटात दडवलेली शत्रूच्या तळाची फिल्म. कारवारपासून अमृतसरपर्यंत ती बायकांच्या डब्यातून फिरली. परक्या देशाच्या हेराला ती आधी "जेवलास का?" विचारायची, मग त्याचं गाव, मग आई असते कुठं, आणि शेवटच्या फर्म्यात, म्हणजे शेवटच्या सोळा पानांत, पोलिसांच्या ताब्यात द्यायची. पिस्तूल तिनं कधी हातात धरलं नाही. दमली नाही, आजारी पडली नाही, आणि पंधरा वर्षांत बासष्टची त्रेसष्ट झाली नाही. सांगलीपासून जळगावपर्यंतच्या लायब्ऱ्यांत तिच्यासाठी नंबर लागायचे.

आणि पहिल्यापासून ती जुळवली कादरनीच. श्यामलाबाईंचं अक्षर म्हणजे सांडलेली मोहरी. ते दुसऱ्या कुणाला लागतच नसे. संध्याकाळी कादर कसबा पेठेत घरी पोचले, हातपाय धुऊन बसले, की बायको जैनब भाकरी थापता थापता विचारायची, "आज बुढ्ढी किधर पोंची?" जैनबला मराठी बोलता येई पण वाचता येत नसे. मग कादर सांगायचे, आज जहाजाच्या तळघरात आहे, आज पठाणकोटच्या स्टेशनात. जैनब म्हणायची, "तिला म्हणावं, स्वेटर घाल."

पंच्याहत्तर साली बाईंच्या एका डोळ्याचा मोतीबिंदू काढला. तोवर प्रत्येक पुस्तकाचं प्रूफ त्यांच्याकडे जायचं आणि त्या ते भिंग लावून तपासायच्या. आता त्यांनी निरोप पाठवला, "कादरभाईंनी जुळवलेलं काय तपासायचं? माझं अक्षर चुकेल, त्यांचा खिळा नाही." दिगंबरपंतांनी हा निरोप मोठ्यानं वाचून दाखवला. बजरंगनं तोंड वाकडं केलं. कादरना त्या दिवशी पाय दुखल्याचं आठवलं नाही.

साठाव्या कादंबरीत बापू टांगेवाला आला.

कादरचा हात खणावरच थांबला. बापू टांगेवाला एकविसाव्या कादंबरीत दौंड स्टेशनात गोळी लागून मेला होता. कावेरीबाईंच्या मांडीवर डोकं ठेवून मेला होता, आणि ते पान जुळवताना कादरनी दोनदा चष्मा पुसला होता. आता तो टांगा घेऊन स्वारगेटला हजर, आणि कावेरीबाई त्याला विचारतायत, "बापू, घोडी बरी आहे ना?"

त्यांनी वही पुन्हा वाचली, मागची पानं उलटली. कुठं खुलासा नाही. बाई विसरल्या होत्या. आणि तसंच छापलं तर काय होईल हे कादरना पुरतं ठाऊक होतं. पुण्याच्या वाचकाला लेखकाची चूक सापडली की त्याची दिवाळी होते. चाळीस पोस्टकार्डं येतील, आणि एकेक असं की वाचून बाईंनी जेवू नये. गावात म्हणतील, म्हातारीला भ्रम झाला. ज्या बाईनं सव्वीस वर्षं सगळ्या पुण्याचे नंबर तोंडपाठ ठेवले, तिच्याबद्दल हे बोललं जावं, हे काही कादरना सोसवेना. त्यांनी सगळ्या पुस्तकात बापूचा संभाजी केला. संभाजी टांगेवाला. घोडी तीच ठेवली.

घरी येऊन त्यांनी जैनबला सांगितलं. ती म्हणाली, "एका नावानं काय होतं?"

एका नावानं काहीच होत नाही. पण पुढच्या पुस्तकात खलनायक पहिल्या निम्म्यात लंगडा होता आणि दुसऱ्या निम्म्यात पळत सुटला. त्याच्या पुढच्यात एकच प्रसंग दोनदा आला, शब्दाला शब्द. कादरनी एक काढला, तर पानं कमी पडली. एकशे अठ्ठावीस पानं भरायलाच हवीत, म्हणून त्यांनी जोडाजोडीची चार वाक्यं घातली. मग चाराचं एक पान झालं आणि पानाची तीन. ती कागदावर लिहीतही नसत. डोक्यात वाक्य आलं की हात सरळ खणाकडे जायचा. लेखक होण्याची हौस त्यांना कधी नव्हती आणि आता तर मुळीच नव्हती. आधी दिवसभर उभं राहून पायच तेवढे दुखायचे. आता घरी जाताना शनिवारवाड्यापाशी ते स्वतःशीच पुटपुटायचे, या बाईला जहाजातून बाहेर कशी काढू? एकदा सायकलवाल्यानं शिव्या घातल्या. सुट्टीच्या दिवशीही कावेरीबाई डोक्यातून उतरत नसत. जैनब म्हणाली, "बाईंना सांगून टाका ना." कादर म्हणाले, "काय सांगू? तुमचं डोकं चालत नाही म्हणून?"

अठ्ठ्याहत्तरच्या पावसाळ्यानंतर चौऱ्याहत्तरावी कादंबरी बाहेर पडली. पंधरा दिवसांनी श्यामलाबाई रिक्षातून छापखान्यात आल्या. आता त्या कोथरूडला भाच्याकडे राहत होत्या आणि तीन वर्षांत इकडे फिरकल्या नव्हत्या. सत्तरीच्या, वाळलेल्या, पण पाठ ताठ. हातात नवी कादंबरी आणि एक पोस्टकार्ड. खुर्ची दिली तरी बसल्या नाहीत.

"दिगंबरपंत, हे पत्र मिरजेहून आलंय. तुळजाबाई म्हणून कुणी आहे, शाळेत शिपाईण आहे. ती लिहिते, सत्याण्णव पानावरचं वाक्य वाचून मला रडू आलं, रोज दुपारी चार वाजता मला अस्संच वाटतं." त्यांनी पुस्तक उघडलं, भिंग लावलं आणि वाचलं, "'कावेरीबाई बाकावर बसल्या. पाय सुजले होते. त्यांना वाटलं, आता कुणी येऊन धरलं तरी चालेल, पण आधी जरा बसू दे.' हे कुणी लिहिलं?"

दिगंबरपंत गोंधळले. "आपणच, दुसरं कोण?"

"माझी कावेरी बसत नाही," बाई म्हणाल्या. "पंधरा वर्षांत बसली नाही. मी घरी सगळं पुस्तक वाचलं. यात कितीतरी माझं नाही. माझी वही आणा."

वह्या मागच्या खोलीत फळीवर असायच्या. "कादरभाई, वही आणा," दिगंबरपंत म्हणाले.

कादर मागं गेले. वही समोरच होती. त्या वहीत जहाजाचा प्रसंग तीनदा लिहिलेला होता, तिन्ही वेळा नव्या उत्साहानं, आणि शेवटी कावेरीबाईंचं नाव दोन पानं चक्क श्यामला झालं होतं. ती वही बाहेर नेली की कादर सुटले. बाई भिंग लावून वाचतील, सगळ्यांसमोर वाचतील, बजरंगही मान लांब करून वाचेल. कादर फळीपाशी बराच वेळ उभे राहिले. मग त्यांनी वही मागच्या गठ्ठ्यात खाली सारली आणि रिकाम्या हातानं बाहेर आले.

"वही रद्दीत गेली, बाई. चूक माझी आहे. मी मध्ये मध्ये माझ्या मनानं घातलं."

बजरंगनं हातातले खिळे खाली ठेवले. पाय मारून चालवायचं मशीनसुद्धा थांबलं.

"तुमच्या मनानं?" बाई म्हणाल्या. "किती वर्षं झाली तुम्हाला या धंद्यात?"

"इथं एकतीस."

"एकतीस वर्षांत एवढं शिकला नाहीत, की ज्याचं पुस्तक त्यानं लिहायचं?"

"नाही शिकलो, बाई."

"माझा तुमच्यावर माझ्या डोळ्यांपेक्षा विश्वास होता," त्या म्हणाल्या. "यापुढं मी लिहीन तेच छापायचं. एक अक्षर कमी नाही, जास्त नाही. नाहीतर कावेरी दुसऱ्या छापखान्यात जाईल." नवी वही त्यांनी टेबलावर ठेवली आणि गेल्या.

दिगंबरपंत जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. बजरंग मात्र एवढंच म्हणाला, "काय हो कादरभाई, गाढवाचा घोडा केलात?" कादरना त्या वाक्याचं फार लागलं. एकतीस वर्षांत मिळवलेली एकच गोष्ट होती, ती दुपारी साडेतीन वाजता, चहाच्या आधी गेली. त्या संध्याकाळी त्यांनी जैनबला बुढ्ढी कुठं पोचली ते सांगितलं नाही. जैनबनं विचारलंही नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी नवी वही उघडली. कावेरीबाई लोणावळ्याला पुलाखाली उभी राहून निरोप्याची वाट बघत होती. दहा पानांनी पुन्हा पुलाखाली उभी राहिली. पुढं आणखी एकदा. तसंच छापावं तर बाईंची अब्रू जाते, आणि बदलावं तर बाई जातात आणि दुसरीकडे अब्रू जाते. दोन दिवस कादरनी त्या वहीला हात लावला नाही, दुसऱ्याची बिलबुकं जुळवली. मग ते दिगंबरपंतांकडे गेले आणि म्हणाले, "मला बाईंचं अक्षर लागत नाही."

"तुम्हाला?"

"डोळे गेले माझे. बाईंनी वाचून दाखवलं तर मी लिहून घेईन."

दिगंबरपंतांनी कपाळावर हात मारला, पण दुसऱ्या कुणाला तर ते अक्षर साफच लागत नव्हतं. म्हणून रविवारी कादर वही घेऊन बसनं कोथरूडला गेले. दोन जिने चढताना त्यांना मध्ये थांबावं लागलं. भाचेसुनेनं दार उघडलं आणि चपला बाहेर काढायला सांगितल्या. बाई खिडकीपाशी बसल्या होत्या.

"आता अक्षरही लागत नाही का?" त्या म्हणाल्या. "मनानं घालायचं तेवढं चांगलं लागतं."

"वय झालं, बाई."

"तुम्ही माझ्याहून चौदा वर्षांनी लहान आहात. बसा."

त्या भिंग धरून वाचू लागल्या आणि कादर लिहून घेऊ लागले. आणि कादरना वाटलं होतं तसंच झालं. वाचता वाचता बाई अडखळल्या. "हे मघाशी झालं ना? पूल?" कादर म्हणाले, "लक्षात नाही, बाई." बाईंनी मागची पानं उलटली, ओठ घट्ट मिटले, आणि लाल पेन्सिलनं दुसरा पूल स्वतःच्या हातानं खोडला. "लिहिताना घाई होते," त्या म्हणाल्या. "होते," कादर म्हणाले. परतताना बसमध्ये उभं राहायला लागलं, तरी त्यांना कितीतरी दिवसांनी हलकं वाटलं. कुणाचं काही न चोरता काम झालं होतं.

दुसऱ्या रविवारी बाईंनी स्वतःच्या तीन चुका पकडल्या. जाताना चहा सांगितला आणि जैनबची चौकशी केली. तिसऱ्या रविवारी एकच पकडली, आणि दोन तशाच वाचून पुढं गेल्या. कादरनी त्या उतरवून घेतल्या आणि काही बोलले नाहीत. त्या दिवशी बाईंनी चहा दोनदा सांगितला. दोन्ही वेळा भाचेसुनेनं आणला.

चौथ्या रविवारी बाईंनी मध्यंतरी लिहिलेली नवी पानं घेतली. कावेरीबाई पुलाखाली उभी राहिली. वारा सुटला होता, पिशवी जड झाली होती, निरोप्या येत नव्हता. बाई रंगून वाचत होत्या, आवाज खणखणीत होता. एक्स्चेंजमध्ये असाच लागत असेल, कादरच्या मनात आलं. पान संपलं, दुसरं सुरू झालं. कावेरीबाई पुलाखाली उभी राहिली. वारा सुटला होता. कादर लिहीत राहिले. तिसरं पान आलं तेव्हा मात्र त्यांचा हात चालेना. त्यांनी पेन कागदावर तसंच टेकवून ठेवलं.

आवाज थांबला तेव्हा त्यांनी वर पाहिलं. बाई वहीकडे बघत नव्हत्या, त्यांच्या पेनाकडे बघत होत्या.

"कादरभाई, हे आधी आलंय का?"

कादरनी तोंड उघडलं. लक्षात नाही, एवढंच म्हणायचं होतं. ते वाक्य तीन रविवार बिनबोभाट चाललं होतं.

"खरं सांगा. तुम्ही खोटं बोललात की तुमचा उजवा खांदा वर जातो. छापखान्यातही गेला होता. मी रिक्षात बसल्यावर माझ्या लक्षात आलं, पण मला ते लक्षात घ्यायचं नव्हतं."

"आलंय, बाई."

"किती वेळा?"

"आज तीनदा. मागं धरून सहा वेळा."

बाईंनी भिंग खाली ठेवलं. खाली सोसायटीत कुणीतरी स्कूटरला किका मारत होतं आणि ती सुरू होत नव्हती.

"आणि ती वही? रद्दीतली?"

"आहे फळीवर."

"त्यात पण?"

"त्यात पण."

"कधीपासून?"

"बापू टांगेवाला परत आला तेव्हापासून."

"बापू," बाई म्हणाल्या. जराशानं विचारलं, "बापूचं काय झालं होतं?"

"दौंडला गेला, बाई. कावेरीबाईंच्या मांडीवर."

"छान लिहिलं होतं का मी?"

"फार छान लिहिलं होतं."

बाईंनी डोळे पुसले नाहीत, नुसते मिटून घेतले. "सहा वेळा तुम्ही ते पुलाचं ऐकलंत. उतरवूनही घेतलंत. कंटाळा नाही आला?"

तीन वर्षांचं सगळं कादरना आठवलं. शनिवारवाड्याजवळची पुटपुट, सुजलेले पाय, बजरंगचं हसणं, दोन जिने. "आला, बाई," ते म्हणाले. "फार आला."

"मलाही आला हो," श्यामलाबाई म्हणाल्या. "रोज सकाळी उठते आणि वाटतं, आता तिला कुठंतरी पोचवलं पाहिजे. आणि ती पुलाखालीच."

भाचेसून चहा घेऊन आली, दोघांकडे बघून कप ठेवून गेली. चहावर साय धरली.

कादरनी विचारलं, "दिगंबरपंतांना काय सांगू? पुस्तक पुढच्या महिन्यात जायला हवं."

बाईंनी वही मिटली आणि मांडीवर ठेवली. तिच्यावर दोन्ही हात ठेवले.

"सांगा, बाईंना आता आठवत नाही."

कादरनी मान हलवली. वही त्यांनी मागितली नाही आणि बाईंनीही दिली नाही.